काही गोळ्या चालू होत्या का?

बाई, तू गेल्यावर तुझ्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी मी विहारात उभा राहून पंधरा मिनिटं बोललो. तुझा आवाज, तुझं पाठांतर, कार्यक्रमाला जाताना हार्मोनियमची पेटी डोक्यावर घेऊन पुढे पुढे चालणं, सगळं सांगितलं. बाया पदराने डोळे पुसत होत्या. भाऊजी खाली मान घालून बसले होते. एक गोष्ट मात्र मी तिथे सांगितली नाही. तीच आज तुला सांगायला बसलो आहे. तुला ती माहीत आहे, पण माझ्या तोंडून तू ती कधी ऐकली नाहीस.

लहानपणापासून मी तुला बाईच म्हणत आलो. मोठ्या बहिणीला ताई म्हणतात हे मला शाळेच्या पुस्तकात कळलं. एक दिवस ऐटीत ताई म्हणून हाक मारली तर तू मागे वळून पाहिलंस आणि म्हणालीस, "कोणाले बोलावून राहिला रे, गुलब्या?" माय गेली तेव्हा मी सहा वर्षांचा, तू चौदाची. पुढे लग्न होऊन तू पांढुर्ण्याला गेलीस. दर सुट्टीत मी सौंसरहून तुझ्याकडे यायचो, आणि तू पिठाच्या रिकाम्या डब्यावर माझे हात बसवून ठेका शिकवायचीस. नंतर तू बायांचं गाण्याचं मंडळ काढलंस. मी नगरपालिकेत चिकटलो, पण सुट्टीचा दिवस आला की ढोलकी खांद्यावर टाकून बस पकडायचो. वीस वर्षं तू गायलीस आणि मी वाजवलं. तुझा श्वास कुठे तुटतो, कुठे तू मुद्दाम थांबतेस, हे माझ्या बोटांना माहीत होतं.

म्हणूनच मोहगावच्या कार्यक्रमात मला राग आला. एप्रिलमधल्या जयंतीचा मंडप भरलेला होता. तू नेहमीचं गाणं उचललंस आणि तिसऱ्याच ओळीला ठेक्याच्या मागे पडलीस. मी सावरून घेतलं. तू पुन्हा मागे पडलीस. आवाजही जाड, घोगरा, एखाद्या म्हाताऱ्या माणसाचा असावा तसा. शेवटी मी ढोलकीवरचा हात उचलला.

"बाई, ओढून राहिली तू."

"मी नाई ओढत. तूच पळून राहिला."

माइक चालू होता. मंडपातले लोक हसले. तू पण हसलीस, पण परतीच्या बसमध्ये माझ्याशेजारी बसली नाहीस.

त्या उन्हाळ्यात तू अंगावर शाल घेऊन ओसरीत बसायचीस. मे महिन्यात, पांढुर्ण्याच्या उन्हात! चेहरा सुजलेला, पापण्या जड. पोळ्या लाटता लाटता तुझा डोळा लागायचा. केस विंचरले की फणी भरून यायची. बोलताना शब्द शोधायला वेळ लागायचा, आणि तोवर समोरचा उठून जायचा. शेजारच्या काकू म्हणाल्या, "जामसांवलीच्या मारुतीले नेऊन पाहा, काही बाहेरचं असंन." त्यावर तू म्हणालीस, "मले भूत लागलं असतं तं आतापावतर तेबी झोपून गेलं असतं." तुझ्या अशा बोलण्यामुळे तुला काही झालंय असं कोणाला वाटायचंच नाही.

आणि मी? मी भाऊजींना म्हणालो, "काही नाई, आळस हाये. पोरगी शीला घरकामाले लागली, आता मायले बसाची सवय लागली." तू दारात पाण्याचा गडवा घेऊन उभी होतीस. गडवा माझ्यासमोर ठेवलास आणि आत गेलीस. या वाक्याची माफी मी तुझ्याकडे मागितली नाही. पुढे तुझा आजार कळल्यावर तर ती मागणं सोपं होतं. तरी नाही मागितली.

आजार कळला तो पोळ्यानंतर. भाऊजी तिगावच्या रेल्वे गँगमधून सुट्टी काढून आले, पास काढला आणि आपण तिघं नागपूरला गेलो. त्या वयस्कर डॉक्टरांनी तुला आधी नाव विचारलं, मग गाव, मग घरात कोण कोण आहे. नंतर मला कळलं की ते तुझं उत्तर ऐकत नव्हते, आवाज ऐकत होते. त्यांनी तुला खुर्चीवर गुडघे टेकून उभं केलं आणि टाचेच्या वरच्या शिरेवर लहानशी हातोडी मारली. तुझं पाऊल हललं, आणि परत जागेवर यायला त्याने इतका वेळ घेतला की आपण सगळे त्याच्याकडे बघत राहिलो.

"बघा," डॉक्टर म्हणाले, "किती सावकाश परत येतंय. बाईंचं सगळं शरीरच असं सावकाश चाललंय. हृदय, आतडी, आवाज, सगळं."

मला मोहगाव आठवलं. तू माझ्याकडे पाहिलं नाहीस. तो मोठेपणा तुझा.

रक्ताचा रिपोर्ट यायला पंधरा दिवस लागले. गळ्यातली थायरॉईड नावाची ग्रंथी काम करत नव्हती. डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं आणि तोंडानेही सांगितलं. "तुमच्या गळ्यात जे तयार व्हायला पाहिजे ते होत नाही. ते आपण गोळीतून द्यायचं. सकाळी उठल्याबरोबर, रिकाम्या पोटी, साध्या पाण्यासोबत. चहा, नाश्ता नंतर, निदान अर्धा-पाऊण तास जाऊ द्या. दुसऱ्या कुठल्या गोळ्या असतील तर त्याही यासोबत नाही. आधी अर्धी गोळी. दीड-दोन महिन्यांनी रक्त तपासून मी वाढवीन. मी वाढवीन, तुम्ही नाही."

"किती दिवस घ्याची, साहेब?" तू विचारलंस.

"जन्मभर."

तू बोट गालावर ठेवलंस. "जन्मभर तं मी भाकरबी एकाच प्रकारची नाई खाल्ली."

डॉक्टर हसले. भाऊजीसुद्धा.

सुरुवातीला तू ती गोळी चहाच्या घोटासोबत घ्यायचीस, आणि ताकदीच्या लाल गोळ्याही त्याच मुठीत. दीड महिना काहीच फरक नाही. शीलाने ते पकडलं. तेव्हा ती दहावीला होती. तिने तुझी गोळी आपल्या ताब्यात घेतली. सकाळी तुला उठवायची, पाणी द्यायची, मग दप्तर भरायची, आणि शाळेला निघताना चूल पेटवून चहा ठेवायची. तोवर तू तिच्यावर चिडचिड करत चुलीपाशी बसायचीस. "माह्याच घरात मले चहाची चोरी!" मग डॉक्टरांनी रक्त पाहून पूर्ण गोळी केली, आणि थंडी संपता संपता एक दिवस मी तुझ्या दारात आलो तर आतून गाणं ऐकू येत होतं.

मी चप्पल काढली नाही. दारातच उभा राहिलो. तू भांडी घासत होतीस आणि गात होतीस, आणि तो तुझाच आवाज होता. मला वाटतं माझ्या आयुष्यातला सगळ्यात आनंदाचा क्षण तोच असावा. माझं लग्न, पोरं, सगळं धरून सांगतो. हेही तुला कधी सांगितलं नाही. आत येऊन म्हणालो काय, तर "बाई, वरचा सूर अजून कच्चा हाये."

ते वाक्य तुझ्या मनात राहिलं का, बाई? कारण त्यानंतरच तू दोन गोळ्या घ्यायला लागलीस. एक शीलाच्या हातून, एक ती शाळेत गेल्यावर स्वतःहून. जयंतीपर्यंत वरचा सूर पक्का करायचा म्हणून.

डॉक्टरांनी फेब्रुवारीत पुन्हा बोलावलं होतं. मी म्हटलं मार्चमध्ये जाऊ. मार्चमध्ये ऑफिसात काम निघालं, म्हटलं जयंती झाल्यावर जाऊ.

त्या जयंतीला तू माझ्या पुढे पळत होतीस. मी ठेका वाढवला, तू आणखी पुढे. लोक खुश होते, टाळ्या पडत होत्या. मी मात्र तुझ्या हाताकडे पाहत होतो. पेटीच्या सुरांवर तुझी बोटं थरथरत होती. दुसरं गाणं अर्ध्यावर असताना तू छातीवर हात ठेवलास आणि खाली बसलीस. घामाने पोलकं भिजलं होतं. बाया वारा घालत होत्या आणि तू म्हणत होतीस, "ऊर धडधड करून राहिला वं, थांबतच नाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी तुझ्या अंगणात आपलं भांडण झालं. शेवटचं. मला ते शब्दनशब्द आठवतं. गेले दोन महिने दुसरं काही आठवत नाही.

"किती गोळ्या घेत होती तू?"

"दोन."

"डॉक्टरनं एक सांगितली नं?"

"एकीनं येवढा आवाज आला. म्हटलं दोनीनं आणखी येईन."

मी घाबरलो होतो, बाई. रात्रभर तुझी धडधड मोजत बसलो होतो. मला भीती वाटली की मी ओरडतो, हे तुला माहीत होतं.

"बंद कर ह्या गोळ्या! आवाज आला, तबीयत सुधरली, आता कायले पायजे? सवय लागली तुले त्याची."

"डॉक्टर म्हणे जन्मभर."

"डॉक्टर तिकडं नागपुरात बसला हाये. इकडं तू मरशीन!"

तू माझ्याकडे पाहिलंस. मग म्हणालीस, "बरं."

तुझं 'बरं' मला कधीच कळलं नाही. लहानपणी मी हट्ट केला की तू 'बरं' म्हणायचीस आणि मग तुला हवं तेच करायचीस. त्या दिवशीचं 'बरं' कुठलं होतं? तू माझं ऐकलंस, की तुलाच त्या गोळीची धास्ती बसली होती? एक पोस्टकार्ड नागपूरला टाकलं असतं तरी डॉक्टरांनी उत्तर दिलं असतं. कार्ड लिहायला मला किती वेळ लागला असता? मी ऑफिसात दिवसभर तेच तर करतो.

गोळ्या बंद झाल्या आणि तू बरी झालीस. म्हणजे आपल्याला तसं वाटलं. हाताची थरथर गेली, झोप लागू लागली. पावसाळ्याच्या तोंडाशी तू मला म्हणालीस, "पाह्य, बिना गोळीची चांगली हावो." आणि मी, सांगायलाही लाज वाटते, माझी छाती फुगली. मी मंडळातल्या बायांना सांगितलं की या डॉक्टर लोकांचं सगळंच ऐकायचं नसतं.

दिवाळीला तू पुन्हा शाल घेतली होतीस. आवाज जाड झाला होता. मला सांगताना तू एकच गोष्ट दोनदा सांगितलीस. शीला म्हणाली, "मामा, आईले पुन्हा दाखवू का?" मी म्हणालो, "थंडी हाये म्हणून वाटते तसं." बाई, मला दिसलं होतं. मला त्याच दिवशी दिसलं होतं. पण म्हणायचं तर आधी म्हणावं लागलं असतं की मी चुकलो. ते शब्द तोंडात आले, आणि मी करंजी खाल्ली.

जानेवारीतल्या त्या रविवारी मी दुपारी आलो. आठ दिवसांपासून तुला खोकला होता. तू आतल्या खोलीत गोधडी पांघरून झोपली होतीस. शीला उंबऱ्यात बसून होती.

"मामा, आई दोन दिवसांपासून झोपूनच राहिली. उठवलं तं उठते, दोन घोट पाणी पेते, पुन्हा झोपते. काही बोलत नाई. डॉक्टरले बोलावू का?"

मी तुझ्याजवळ बसलो. गोधडीबाहेर आलेलं तुझं पाऊल हातात घेतलं. माठासारखं गार होतं. खोकला आहे तर ताप असेल असं मला वाटत होतं. ताप नव्हता. मला बरं वाटलं त्याने. मी पावलावर गोधडी ओढली आणि शीलाला म्हणालो, "अंग गार हाये, ताप नाई. थकली असंन. झोपू दे तिले."

मी चारची बस पकडून सौंसरला आलो.

सोमवारी सकाळी ऑफिसात निरोप आला. मी पोचलो तेव्हा अकरा वाजले होते. दवाखान्यात तू खाटेवर होतीस, हाक मारली तर पापणीसुद्धा हलत नव्हती. तरुण डॉक्टर होते, मन लावून बघत होते. त्यांनी भाऊजींना विचारलं, "यांना काही जुना आजार? काही गोळ्या चालू होत्या का?"

भाऊजी भांबावले होते. ते म्हणाले, "नाई जी. चालू नाई काही."

खरंच होतं ते. चालू नव्हत्या. मी शेजारी उभा होतो, बाई. मी बोललो नाही.

का बोललो नाही ते मी दोन महिने शोधतो आहे. पुढचा प्रश्न मला ऐकू येत होता, बंद कोणी केल्या? मी बाहेर गेलो. दवाखान्यासमोर संत्र्यांनी भरलेला एक ट्रक उभा होता आणि माणसं पेट्या बांधत होती. मी ते बघत उभा राहिलो. किती वेळ, ते सांगता येणार नाही. पाव तास असेल, जास्तही असेल. मग मी धावत आत गेलो आणि डॉक्टरांना सांगितलं, "थायरॉईडच्या गोळ्या होत्या. जयंतीपासून बंद हायेत."

त्यांचा चेहराच बदलला. त्यांनी तुझा गळा चाचपला, पापणी वर केली, पायावर बोट दाबलं. नर्सला हाका मारल्या, आणखी पांघरुणं मागवली, नागपूरला न्यायला जीप सांगितली. जीप दारात लागली तेव्हा दीड वाजला होता. तू तोवर थांबली नाहीस.

मी नंतर त्यांना विचारलं, "आधी सांगितलं असतं तर?" ते म्हणाले, "सांगता येत नाही. फार उशीर झाला होता." चांगला माणूस आहे. पण त्या 'सांगता येत नाही'मध्ये माझा पाव तास अडकून पडला आहे, तो तिथून निघत नाही.

ढोलकी मी अधूनमधून घेतो. वाजवताना हात मध्येच आपोआप थांबतो. तू मागून येशील आणि ओळ पूर्ण करशील म्हणून थांबतो. मोहगावला हा हात तुझ्यासाठी एवढा थांबला असता तर बरं झालं असतं.

दवाखान्यातून निघताना त्या तरुण डॉक्टरांनी आणखी एक सांगितलं होतं, की हा आजार घरात चालू शकतो, मुलीला दाखवून घ्या. शीलाचा गळा समोरून थोडा भरल्यासारखा दिसतो, तुला आठवत असेल, तू म्हणायचीस गळ्यावर बाळसं आलं. या वेळी मी महिना जाऊ दिला नाही. भाऊजींनी पास काढला, मी तिला घेऊन त्याच वयस्कर डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी तुझी विचारपूस केली. मी सगळं सांगितलं, शीलासमोरच. माझं नाव तेवढं वगळलं. "गोळ्या बंद झाल्या," असं म्हणालो, जणू त्या आपोआप बंद झाल्या.

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "धडधड झाली तेव्हा दोनची एक करायची होती, आणि मला कळवायचं होतं. बंद करायची नव्हती. या गोळीचा साठा शरीरात बरेच दिवस पुरतो, म्हणून सुरुवातीला काही कळत नाही. माणसाला वाटतं आपण बरे झालो." मग ते शीलाकडे वळले आणि तिचा गळा चाचपू लागले. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

शीलाचा रिपोर्ट परवा घेतला. तिलाही आहे. अजून थोडा आहे, लवकर कळला म्हणाले. अर्ध्या गोळीपासून सुरुवात. कागद तिने स्वतःच्या पिशवीत ठेवला, माझ्याकडे दिला नाही.

परतीच्या पॅसेंजरमध्ये आम्ही समोरासमोर बसलो होतो. काटोल गेलं, नरखेड गेलं. ती खिडकीबाहेर पाहत होती. बाजूने ती तुझ्यासारखी दिसते, हे मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं. मग बाहेर बघतच ती म्हणाली, "मामा, ही गोळी म्या कधीच बंद नाई कराची?"

"नाई. डॉक्टरले विचारल्याबिगर नाई. कमी नाई, जास्त नाई."

"एकदम चांगलं वाटलं तरी?"

"तरी नाई."

"अन् कोणी घरचं म्हणालं, बंद कर म्हणून?"

"तरी नाई."

तिने मान वळवली आणि सरळ माझ्याकडे पाहिलं. त्या दिवशी सकाळी अंगणात आपण भांडत होतो तेव्हा ती कुठे होती, हा प्रश्न मला पहिल्यांदा पडला.

"तुमी म्हणाले तरी?"

डब्यात गर्दी होती. कोणी ऐकत असेल-नसेल. बाई, मी तिला म्हणालो, "मी म्हणालो तरी नाई. तुह्या मायले म्याच म्हटलं होतं."

"मले माहीत हाये," शीला म्हणाली.